खिडक्या घट्ट बंद, आत कॉइल पेटलेली

«डॉक्टर, आम्ही वास्कोला सड्यावर राहतो, कोळसा उतरतो त्या बंदराजवळ. सकाळी पुसलेला ओटा दुपारपर्यंत काळा होतो, अनवाणी फिरलं की टाचा काळ्या. सासरे ७४ वर्षांचे, गोदीत काम करून निवृत्त झालेले. त्यांना दमा आहे आणि मधुमेहही. तरी पहाटे साडेपाचला फिरायला जातात, कुणाचं ऐकत नाहीत. मुलगा आठ वर्षांचा, महिनाभर रात्री खोकतोय. सासरे त्याला शाळेतून आल्यावर रोज गुळाचा खडा देतात. गोदीत सगळे खायचे, गुळाने छातीतली धूळ साफ होते, असं त्यांचं म्हणणं. मी संध्याकाळी धूप घालते, रात्री धूळ नको म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावते आणि डासांसाठी कॉइल लावते. मोबाइलवर मात्र हवा ‘समाधानकारक’ दिसते. यजमान म्हणतात, फ्लॅट विकू आणि डिचोलीकडच्या आपल्या गावच्या घरी जाऊ, तिथली हवा शुद्ध. काय करावं? हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यावं का? – एक सून»

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळ्या ओट्यासाठी आणि दुसऱ्यांदा कॉइलसाठी. तुम्हाला काळजी ओट्याची आहे, मला कॉइलची जास्त वाटते, म्हणून सुरुवात तिथून करतो.

बाहेरची धूळ येऊ नये म्हणून तुम्ही खिडक्या लावता आणि मग त्याच बंद खोलीत रात्रभर धूर करता. चीन आणि मलेशियातल्या कॉइल जाळून पाहिलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. एका कॉइलमधून जेवढे बारीक कण बाहेर पडतात, तेवढेच पडायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील, असं त्यात दिसलं. दवाखान्यात हा आकडा सांगितला की लोक आधी हसतात आणि मग झोपलेल्या पोराकडे बघतात. तुमच्या मुलाचा खोकला रात्रीचाच आहे, हेही तुम्हीच लिहिलंय. कॉइल हेच त्याचं कारण असं मी इथे बसून सांगणार नाही, पण पंधरा दिवस ती बंद ठेवून बघायला पैसे पडत नाहीत.

डास मात्र खरे आहेत आणि डेंग्यूही खरा आहे. त्यामुळे कॉइलच्या जागी काहीतरी हवंच. मच्छरदाणी लावा. आपल्या आज्यांनी ती उगाच नव्हती वापरली. खिडक्यांना जाळी बसवून घ्या, दिवेलागणीच्या तासभर आधी दारं लावा, गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या बशांत आणि फ्रिजमागच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. विजेवरच्या औषधाच्या बाटलीतून कॉइलसारखा धूर येत नाही हे खरं, पण तीही बंद खोलीत रात्रभर चालवण्यापेक्षा मच्छरदाणी बरी. धुपाबद्दल बोलायला मला जरा संकोच वाटतो, कारण माझ्याही घरी धूप असतो. देवाने धुराचं माप ठरवून दिलेलं मी कुठे वाचलेलं नाही. तेव्हा एक उदबत्ती, तीही खिडकी उघडी ठेवून. सासरे आणि मुलगा त्या वेळी दुसऱ्या खोलीत असले तर उत्तम.

आता ओट्याकडे वळू. बोटाला लागते, फडक्यावर दिसते ती धूळ बरीचशी जाड असते. तिला नाक आणि घसा अडवतात. ती शेंबडातून, खाकरून बाहेर पडते. छातीपर्यंत पोचतात ते दहा मायक्रोमीटरहून बारीक कण, ज्यांना पीएम १० म्हणतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. त्याहून बारीक म्हणजे अडीच मायक्रोमीटरच्या आतले, पीएम २.५. हे फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या फुग्यांपर्यंत, जिथे रक्त प्राणवायू घेतं तिथपर्यंत उतरतात, आणि त्यातले सर्वांत सूक्ष्म कण रक्तातही शिरतात. हे बारीक कण मुख्यतः जळण्यातून येतात. ट्रकचं आणि जहाजांचं डिझेल, पेटवलेला कचरा, न्हाणीतल्या पाणी तापवायच्या भाणाखालची लाकडं, तुमची कॉइल, हे सगळं त्यात आलं. ते फडक्यावर दिसत नाहीत, म्हणून ओटा चकचकीत ठेवणारी गृहिणीही त्यांना पकडू शकत नाही.

याचा अर्थ काळी भुकटी निरुपद्रवी, असा कुणी काढू नये. दमेकऱ्याला पीएम १० सुद्धा पुरतो. बंदरात कोळसा उतरवताना, उचलताना, रेल्वेच्या वाघिणीत भरताना जाड धुळीबरोबर बारीकही उडते. वास्कोचे लोक वर्षानुवर्षे याबद्दल बोलत आलेत आणि ते हौसेने बोलत नाहीत. पण काळं ते सगळं कोळसाच, असंही नसतं. डिझेलची काजळी काळी, टायर झिजून उडणारी पूड काळी. कशाचा किती वाटा, हे प्रयोगशाळेतच कळतं; बोट फिरवून मलाही कळत नाही आणि बंदराच्या बाजूने किंवा विरोधात तावातावाने बोलणाऱ्यांनाही कळत नाही. खाणीखाली कोळसा फोडणाऱ्या मजुरांना होतो तो काळ्या फुप्फुसांचा आजार तुम्हाला घरात बसून होईल का, ही भीती पत्राच्या कडेला तुम्ही लिहून मग खोडलीत, पण अक्षर वाचता आलं. तो आजार वर्षानुवर्षे कोंदट जागेत भरमसाट धूळ ओढणाऱ्यांचा आहे. तुमची काळजी वेगळ्या ठिकाणी असायला हवी.

ती आहे हृदयात. हवेच्या प्रदूषणाचं नाव काढलं की सगळे छातीला हात लावतात आणि खोकून दाखवतात. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की बाहेरच्या प्रदूषित हवेमुळे २०१९ मध्ये जगात सुमारे ४२ लाख माणसं अकाली गेली, आणि त्यांतल्या जवळपास ६८ टक्के मृत्यूंचं कारण हृदयविकार आणि पक्षाघात होतं. दम्याचं, खोकल्याचं नावही तिथे मागून येतं. बारीक कण फुप्फुसात दाह निर्माण करतात, तो दाह रक्तवाहिन्यांपर्यंत जातो, रक्त गोठण्याकडे झुकतं आणि आधीच चिंचोळ्या झालेल्या वाहिनीत गुठळी अडकते. फुप्फुसाचा कर्करोगही यात आहेच. २०१३ साली कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने बाहेरच्या हवेचं प्रदूषण नक्की कर्करोगकारक म्हणून नोंदवलं. पण तुमच्या सासऱ्यांच्या वयात, त्यांच्या मधुमेहासकट, मी आधी हृदय तपासेन. शेवटचा ईसीजी कधी काढला होता? रक्तदाब, चरबी बघितली का? मधुमेही माणसाला हृदयविकाराचा झटका कधी छातीत न दुखताच येतो. नुसता घाम, दम, अस्वस्थपणा, जबड्यात किंवा पाठीत कळ, एवढ्यावर भागतं. तेव्हा ‘दमाच असेल, पंप मारा’ म्हणत घरी थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण गोदीतल्या माणसाबद्दल विचारलंच पाहिजे: विडी सुटलीय ना? नसेल तर बाकीचं पत्र बाजूला ठेवा आणि ते काम आधी.

फिरणं त्यांनी सोडू नये. तुमचा हा वाद घरी बहुधा ‘जाऊ नका’ आणि ‘जाणारच’ असा चालत असेल, त्यातून काही निघणार नाही. आपल्याकडे हवा असते त्या मानाने चालण्याचा फायदा मोठाच आहे, मधुमेहात तर फारच. बदलायची ती वेळ आणि वाट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत रात्री जमीन निवते, थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. रात्रभरातला धूर, धूळ त्या झाकणाखाली अडकलेली असते. पहाटे साडेपाचला गार वाटणारी, ‘ताजी’ म्हणून छाती भरून घेतलेली हवा बरेचदा दिवसातली सर्वांत घाण हवा असते. ऊन वर आलं, जमीन तापली की झाकण सुटतं. म्हणून थंडीत साडेआठनंतर, ट्रकच्या रस्त्यावरून नव्हे तर वसाहतीच्या आतल्या गल्लीतून. मधुमेह आहे, तेव्हा रिकाम्या पोटी नको. पावसाळ्यात हवा धुतलेली असते, तेव्हा छत्री घेऊन हवं तेव्हा जाऊ दे.

दुपारनंतर खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात, रात्री मतलई वारे उलटे जातात. शाळेत आपण हे पाठ केलंय. तुमच्या सड्यावर डोंगराच्या उतारामुळे ते कसे वळतात, हे मी पुस्तकातून सांगण्यापेक्षा गॅलरीतला वाळत घातलेला रुमाल जास्त खरं सांगेल. एक वही करा. कुठल्या वेळी रुमाल कुठे उडतो, कुठल्या वेळी पांढऱ्या बशीवर काळं जमतं, मुलगा कधी खोकतो. आठवडाभरात तुम्हाला कळेल की खिडक्या कोणत्या चार तासांत लावायच्या आणि बाकी वीस तास त्या उघड्या ठेवून घराला श्वास घेऊ द्यायचा. गोव्याच्या दमटपणात सतत बंद घराला बुरशी लागते. कपाटाच्या मागे, गादीखाली येतो तो कुबट वास दम्याला कोळशाइतकाच वाईट. सुका झाडू फिरवू नका, ओलं फडकं.

आता पंप. दमेकऱ्यांचे पंप दोन तऱ्हेचे: एक धाप लागली की ताबडतोब मोकळं करणारा, दुसरा रोज घ्यायचा, सूज कमी ठेवणारा. आपल्याकडचे बहुतेक लोक पहिलाच वापरतात, कारण त्याचा गुण लगेच दिसतो, आणि दुसऱ्याची ‘सवय लागते’ म्हणून तो कपाटात ठेवतात. सवय लागत नाही. धुळीच्या गावात राहणाऱ्या दमेकऱ्याचं खरं चिलखत तो रोजचा पंप आहे, आणि तो घेतल्यावर चूळ भरायची. डॉक्टरांना विचारून स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, घ्या; म्हातारपणी हाताचा आणि श्वासाचा मेळ बसत नाही. फुंकून मोजायचं पीक फ्लो मीटर घरी असलं तर दम वाढतोय हे धाप लागायच्या आधी कळतं. फ्लूची आणि न्यूमोनियाची लसही विचारा.

गुळाबद्दल. गिरणीत, गोदीत, सिमेंटच्या कामावर, सगळीकडे मी हे ऐकलंय. काही ठिकाणी मालकच गूळ वाटायचे, मास्कपेक्षा तो स्वस्त पडायचा. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. दोन्हींची गाठ पडत नाही. गोड खाल्ल्यावर तोंडाला लाळ सुटते, घसा ओला होतो, बरं वाटतं, इतकंच त्यात खरं आहे. नातवाला आजोबांच्या हातचा खडा मिळू दे, त्यात प्रेम आहे, फक्त नंतर दात घासायला लावा. पण देताना आजोबा स्वतः किती खातात, यावर नजर ठेवा. त्यांच्या साखरेचा आकडा का उतरत नाही, याचं उत्तर कदाचित त्याच डब्यात असेल.

मुलाला बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि महिनाभर चालणाऱ्या रात्रीच्या खोकल्याला ‘हवेमुळे’ म्हणून सोडून देऊ नका. तो दमा असू शकतो, नाकामागून घशात उतरणारी सर्दी असू शकते, आणि महिनाभर खोकला म्हटला की क्षयही डॉक्टरांच्या डोक्यात असतोच. आजोबांना दमा, म्हणजे घराण्यात तो आहे. मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतात आणि त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात, त्यामुळे घाण हवेचा त्यांच्यावर परिणाम जास्त. पण याच विषयात मला धीर देणारी एक गोष्टही आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांची फुप्फुसं वर्षानुवर्षे मोजली गेली. प्रदूषित भागातल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसली. पुढे तिथली हवा सुधारत गेली, तसं पंधराव्या वर्षी फुप्फुसाची ताकद फार कमी असलेल्या मुलांचं प्रमाण सुमारे ८ टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हवा सुधारली की पोरांची फुप्फुसं तिची दखल घेतात.

मोबाइलवरचं ‘समाधानकारक’ हा शब्द जरा जपून वाचा. आपल्या देशाच्या निर्देशांकात पीएम २.५ चं चोवीस तासांचं प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असलं की हवा समाधानकारक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची शिफारस त्याच चोवीस तासांसाठी १५ ची आहे. वर्षाची सरासरी आपल्याकडे ४० पर्यंत चालते, त्यांच्याकडे ५. तीच ६० ची हवा अमेरिकी मोजपट्टीवर दीडशेच्या वर जाते आणि लाल दिसते. म्हणून शेजारणीच्या फोनवर लाल आणि तुमच्या फोनवर हिरवं दिसलं तर भांडू नका, दोघींच्या ॲपची पट्टी वेगळी असेल. शिवाय जवळ मोजणारं यंत्र नसेल तर बरीच ॲप उपग्रहावरून आणि गणितावरून अंदाज बांधतात. तुमच्या गल्लीतून दहा मिनिटांपूर्वी गेलेला ट्रक त्यांना ठाऊक नसतो. गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्यात ठिकठिकाणी हवा मोजतं, त्यांचे आकडे बघावेत.

हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचं तर एकाच खोलीसाठी, सासऱ्यांच्या, आणि तेही कॉइल बंद केल्यानंतर. बारीक कण अडवणारी खरी हेपा जाळी असावी, खोलीच्या आकाराला ते पुरावं, आणि ओझोन सोडणारं, आयन सोडणारं असलं काही त्यात नसावं. ओझोन दम्याला घातक. जाळी बदलायचा खर्च आधीच विचारा, दुकानदार तो आपणहून सांगत नाही. यंत्रासाठी कर्ज काढू नका. स्कूटरवर ट्रकमागे जावं लागत असेल तर एन-९५ मास्क, नाकाला घट्ट बसेल असा. ओढणी बांधून जाड धूळ अडते, बारीक नाही. सासऱ्यांना मास्कमध्ये गुदमरल्यासारखं होत असेल तर बळजबरी नको.

राहता राहिला यजमानांचा बेत. गावची हवा शुद्ध असणारच, हे आपण सगळे मानतो. मीही मानायचो. पण डिचोली, सत्तरी, सांगे हा आपला खाणपट्टा आहे. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त लोहखनिज बाहेर गेलं. ते ट्रकने नदीपर्यंत न्यायचे आणि त्या रस्त्यांवरच्या माडांच्या झावळ्या लाल असायच्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, मग काही काळ चालल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या. २०२४ पासून डिचोलीत पुन्हा खाणकाम सुरू झालंय. तेव्हा यजमानांना आधी विचारा, ते घर खनिज नेणाऱ्या रस्त्यापासून किती लांब आहे? स्वयंपाक चुलीवर होतो की गॅसवर? न्हाणीत पाणी तापवायला काय जळतं? शेजारी काजूच्या बागेतला पाला, माडाची चुडतं, नारळाची सोडणं पेटवतात का? आणि सासऱ्यांना रात्री धाप लागली तर इस्पितळ किती मिनिटांवर? वास्कोतून निघून लाल धुळीत आणि चुलीच्या धुरात जाऊन बसण्यासाठी फ्लॅट विकू नये. घर रस्त्यापासून आत, झाडीत, गॅसचं असेल तर मात्र मे महिन्याच्या सुटीत सगळ्यांनी तिथे राहून या. मुलाचा खोकला आणि सासऱ्यांच्या पीक फ्लोचे आकडे वहीत लिहा. सुटीतले आकडे वास्कोतल्या आकड्यांशेजारी ठेवलेत की तुमचं कुटुंब माझ्यापेक्षा चांगला निर्णय घेईल.

घरातलं सगळं केलंत तरी सड्यावर उडणारी धूळ तुम्ही थांबवू शकत नाही आणि ती थांबवणं तुमचं काम नाहीही. माझ्या या सदरात मी लोकांना मच्छरदाण्या आणि ओली फडकी सुचवत बसतो, त्याची मलाही कधीकधी चीड येते. ताडपत्री न घातलेला ट्रक, उघड्यावरचा ढीग, पाणी न मारलेला रस्ता यांचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात नाही. तीच वही इथे उपयोगी पडेल. ‘फार धूळ आहे’ अशी तक्रार फाइलमध्ये जाते. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, पांढऱ्या बशीचा फोटो, अशी महिनाभराची नोंद सोसायटीतल्या दहा घरांनी सह्या करून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि नगरपालिकेकडे दिली तर तिच्यावर उत्तर द्यावं लागतं. पोच घ्या. मोजणीचे आकडे माहिती अधिकारात मागता येतात. आणि खालच्या मोकळ्या जागेत कुणी कचरा पेटवत असेल तर ते आधी थांबवा. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये पाच हजारांचा दंड सांगितलाय.

दिवाळी आली की नरकासुराचा पुतळा आहेच. मुलाला मिरवणूक जरूर दाखवा, गोव्यात राहून पोराला नरकासुर दाखवायचा नाही हे मला पटत नाही. पण पहाटे तो जाळताना, त्याच्या पोटातले फटाके आणि कागद-रंग पेटताना, वारा ज्या बाजूने येतो तिकडे उभे राहा आणि आटोपलं की घरी या. सासऱ्यांना त्या पहाटे अंथरुणातच चहा द्या.

हे पत्र त्यांना वाचून दाखवणार असाल तर चालण्याचा भाग आधी वाचा, गुळाचा नंतर.